मावसभावाची बोट

“एक सांग, तुला पोहता येतं का?” मास्तरांनी विचारलं.

“नाही,” टेलर म्हणाला. “पोहता आलं असतं तर पोहतच गेलो नसतो? बोट कशाला लागली असती?”

मास्तर हसले आणि बागेतल्या बाकाच्या पायाला दोरी गुंडाळून पुन्हा गाठ मारायला लागले.

बोट म्हणजे शिडाची. बत्तीस फूट लांब, दोन शिडं, खाली झोपायला चार फळ्या. टेलरच्या मावसभावाला आठ दिवसांच्या सफरीसाठी हाताखाली दोन माणसं हवी होती, अनुभवाची अट नव्हती. सगळं कसं जुळून आलं होतं. अडचण एकच होती. टेलरला मावसभाऊ नव्हता. त्याच्या आईला बहीणच नव्हती.

ही लोणकढी थाप त्यानं हौसेनं मारली नव्हती. झोप लागत नाही म्हणून बायकोनं त्याला ढकलत डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, चार प्रश्न विचारले आणि गोळ्या लिहिता लिहिता म्हणाले, “तुमचं राहू द्या हो. ते मास्तर तुमचे जुने दोस्त ना? बायको गेल्यापासून घराबाहेर पडत नाहीत. काहीतरी करून त्यांना बाहेर काढा. तुमच्याशिवाय कुणाचं ऐकायचे नाहीत ते.”

टेलरला वेळच वेळ होता. तयार कपडे घेणाऱ्या जगाला शिंपी कशाला हवा, असं म्हणून त्यानं हिवाळ्यातच दुकानाचं शटर खाली ओढलं होतं. तो दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेला. पडदे बंद, दाढी वाढलेली. काय बोलावं सुचेना. समोर भिंतीवर जगाचा जुना नकाशा दिसला आणि त्यानं उचलली जीभ लावली टाळ्याला. “मास्तर, बोटीवर येतोस?”

मास्तरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. टेलरच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, तिथं त्यांची नजर जरा थांबली. मग म्हणाले, “किती दिवस?”

तेव्हापासून रोज सकाळी सहाला बागेत तालीम.

“चाळीस वर्षं धाग्याला गाठी मारतोय,” टेलर म्हणायचा, “मला काय शिकवतोस?”

“तुझ्या गाठी सुटायच्या म्हणून तर गिऱ्हाईक परत यायचं.”

“बरं, बोटीवर तू काय करणार? भूगोल सांगणार?”

“समुद्र निळा असतो एवढं नक्की सांगेन. चौतीस वर्षं तोच रंग भरून घेतलाय पोरांकडून. कप्तान कोण?”

“मावसभाऊ.”

“मग आपण?”

“आपण ओरडा खायचा.”

“खाऊ की! इतकी वर्षं मी ओरडलो, आता चव तरी कळेल.”

बोट लागते का हे पाहायला दोघं एकदा मुलांच्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसले. टेलर तिसऱ्या फेरीला पांढराफटक पडून उतरला. मास्तर वर्तमानपत्र वाचत फिरत राहिले.

त्यांच्या शंकांनी टेलरच्या नाकी नऊ आले. नांगर किती किलोचा? वारा समोरून आला तर? प्रत्येक उत्तरासाठी त्याला ग्रंथालयात जावं लागे. थाप टिकवायला अभ्यास लागतो, हे त्याला साठाव्या वर्षी कळलं. एकदा मास्तर म्हणाले, “शीड फाटलं तर शिवणार कोण? तुझं मशीन चालू आहे का बघून ठेव.”

मास्तरांसाठी म्हणून टेलरनं शटर वर केलं, मशीनला तेल घातलं, जाड कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या. शटर उघडं दिसल्यावर कुणी पँट आखूड करायला आणली, कुणी शाळेच्या दप्तराचा तुटलेला पट्टा. मग रोजच उघडावं लागलं. बायको चहा करताना गुणगुणायला लागली. मास्तर सावरल्याचा तिलाही आनंद झाला असावा, असं टेलरला वाटलं.

पण तारीख काही ठरेना. ठरणार कुठून? मावसभावाला आधी कांजिण्या झाल्या, मग मुतखडा, मग त्याच्या सासूचा पाय मोडला. मास्तर प्रत्येक वेळी गंभीरपणे चौकशी करत. “माणूस मोठा सोशिक आहे,” एवढंच म्हणत.

आणि एके सकाळी ते दोन टोप्या घेऊन आले. निळ्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून हनुवटीखाली बांधायच्या.

टेलरनं टोपी हातात घेऊन मास्तरांकडे पाहिलं. दाढी केलेला, उन्हानं रापलेला हा माणूस खरं कळल्यावर पुन्हा ते पडदे ओढून बसला तर? ते पाप कुणाच्या माथी? त्याचा मास्तरांवर फार जीव होता, आणि आपण त्यांना पार तोंडघशी पाडणार, हे त्याला सहन होईना.

दुपारी तो डॉक्टरांकडे गेला.

“झोप कशी आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“लागते की. माझं सोडा. मास्तरबद्दल बोलायचंय.” आणि त्यानं सगळं ओकून टाकलं. बोट, कांजिण्या, सासू, टोप्या. “तळ्यावर भाड्यानं वल्ह्याची होडी मिळते. खरं काय ते सांगून त्याला तिच्यात बसवावं म्हणतो. आता बरा दिसतोय तो. पण सोसेल का त्याला?”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मंगळवारी मास्तर येऊन गेले,” ते म्हणाले. “विचारत होते, ‘टेलर आता पुरता बरा झाला का? बोट नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, असं सांगितलं तर सोसेल का त्याला?’”