अल क्वोजमधली शाकारणी

शनिवारी सकाळी सहा वाजता राजाभाऊ दुबईतल्या अल क्वोजमध्ये उभ्या केलेल्या कॅरॅव्हानच्या टपावर चढले, तेव्हा पत्रा जेमतेम हात टेकवण्याइतका गार होता. दोन तासांनी त्यावर भाकरी भाजता आली असती. त्यांच्या डोक्याला पंचा होता, खिशात खरवडायची पट्टी आणि हातात फटी बुजवायची सिलिकोनची बंदूक. खाली त्यांचा मुलगा वेदांग शिडी धरून उभा होता. यंदा बाबांना साठावं लागलं म्हणून आईने त्याला पहिल्यांदाच सोबत पाठवलं होतं, आणि त्याचा चेहरा अजून झोपेतच होता.

कामाला तसा काही अर्थ नव्हता. दुबईत मे महिन्यात पावसाचा थेंब पडत नाही. पडतो तो जानेवारीत, दोन-चार दिवस, आणि नेमकं तेव्हाच हे कुटुंब कॅरॅव्हान घेऊन वाळवंटात मुक्कामाला जातं. सहा वर्षं मागच्या डाव्या कोपऱ्यात पाणी टपकत होतं आणि सहा वर्षं तिथे एक निळी बादली ठेवलेली असायची.

"तहान लागल्यावर विहीर खोदणारा मी नाही," असं राजाभाऊ दर मे महिन्यात ऐकवायचे.

"तुमच्या विहिरीचं पाणी दर वर्षी माझ्या गादीवर येतं, त्याचं काय?" त्यांची बायको मंजुषा विचारायची.

यंदा मात्र वेदांग तयारीने आला होता. आल्या आल्या त्याने ती बादली कचऱ्याच्या पिंपाशी नेऊन ठेवली होती. शेजारच्या वर्कशॉपमधल्या अहमदला त्याने आदल्या दिवशीच गाठलं होतं. अहमदचं अर्धं आयुष्य कॅरॅव्हान दुरुस्त करण्यात गेलेलं.

"बाबा, आय आस्क्ड अहमदभाई. मेमध्ये मेटल एक्स्पांड होतं. यू फिल द गॅप, फाइन. जानेवारीत इट श्रिंक्स आणि सगळं ओपन होतं. डिसेंबरमध्ये करा. इट वोन्ट लीक. खलास."

"मला ठाऊक आहे."

"यू नो?"

"त्याने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मला." राजाभाऊ जुनं सिलिकोन खरवडत राहिले. "शिडी नीट धर."

एवढ्यात एसीच्या खोक्याला टेकवून ठेवलेला फोन वाजला. राजाभाऊंनी बोटं पंच्याला पुसून तो घाईघाईने उचलला. व्हिडिओ कॉलवर त्यांचा धाकटा भाऊ भिवा होता. राजापूरजवळच्या घराच्या आढ्यावर तो दोन्हीकडे पाय सोडून बसला होता. मागे पोफळीचे शेंडे हलत होते. तिकडे साडेसात वाजून गेले होते.

"चढलास काय रे दादा?"

"कधीचा. तूच उशीर केलास."

वेदांग दोन पायऱ्या वर चढला आणि बघू लागला. हे दर वर्षी असंच चालतं हे त्याला माहीत नव्हतं. मे महिन्यातल्या शनिवारी सहाला तो कधी उठलाच नव्हता.

दोघे भाऊ फारसं बोलत नव्हते. भिवा फुटकं कौल काढून नवं सरकवायचा, राजाभाऊ वीतभर फट भरायचे. मधेच कोणीतरी उन्हाला शिवी द्यायचं.

"तुझ्या बाजूचं झालं," भिवा म्हणाला. "आता माझ्या बाजूचं घेतो."

पावसाआधीच्या शाकारणीत राजाभाऊंची बाजू म्हणजे विहिरीकडची. ते गाव सोडून आले त्याला एकोणतीस वर्षं झाली होती.

"दादा, एक सांगायचं होतं," भिवा जरा वेळाने म्हणाला. "ही शेवटचीच शाकारणी. दिवाळीनंतर पत्रे घालतोय. माकडांनी वीट आणलाय. एक उडी मारली की चार कौलं फुटतात. आणि मलाही आता चढवत नाही."

"बरं केलंस," राजाभाऊ म्हणाले.

बंदुकीचा खटका त्यांनी दाबून धरला होता. फट भरली, तरी सिलिकोन येतच राहिलं आणि पत्र्यावर त्याचा ढीग झाला. इतक्या वर्षांत परक्या मुलखात एवढं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तिकडे भिवाने हातातलं कौल मांडीवर टेकवलं. मग त्याने विचारलं, "तुझी ती गाडी अजून गळते ना रे?"

"गळते."

"नक्की?"

"दर वर्षी. त्याच कोपऱ्यात."

"मग झालं तर." भिवाचा आवाज एकदम मोकळा झाला. "पुढच्या मेमध्ये तू वर चढ आणि मला फोन लाव. मी अंगणात खुर्ची टाकून बसतो. कुठे फट राहिली ते मी तुला इथून सांगेन. लावशील ना?"

राजाभाऊंनी बंदुकीचा खटका सोडला. त्यांनी वळून खाली मुलाकडे पाहिलं. डिसेंबरचं त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं, आणि दर जानेवारीत ओली गादी उन्हात टाकायला तोच तर यायचा.

वेदांग आणखी एक पायरी चढला आणि त्याने फोनपाशी तोंड नेलं.

"काका, मी लावतो फोन. मेमध्येच."

"तू कोण? वेदांग? केवढा झालास रे. बाबाला सांभाळ, पाय घसरेल त्याचा."

"हो, काका."

तो खाली उतरला. "बाबा, एक मिनिट बसून राहा. हलू नका." कचऱ्याच्या पिंपाशी जाऊन त्याने निळी बादली उचलली आणि तिच्यातली वाळू झटकली. आत जाऊन त्याने ती मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली, जरा मागेपुढे सरकवून बरोबर थेंबाच्या जागी, आणि परत येऊन शिडी धरली.