भरलेली गाडी

डेपो.

किल्ली फिरवायची तेवढी राहिली होती आणि हात मांडीवरून उठत नव्हता. रिकामी बस तिने आठवडाभर मैदानात फिरवली होती. मागे घेतली, चढावर थांबवली, सगळं झालं. पण आज मागे माणसं बसणार होती. तीन महिन्यांपूर्वीही बसली होती, आणि पुलाच्या वळणावर एक सायकलवाला घसरून थेट पुढच्या चाकाशी आला होता. त्याचा जीव वाचला, पाय मोडला. चूक तिची नाही, असं चौकशीत लेखी ठरलं. हातांना ते लेखी कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

तिला गाडी शिकवणारे उस्ताद आता निवृत्त होऊन घरी बसले होते. त्यांनी निरोप धाडला होता की एक फेरी कर, नाही जमली तर ऑफिसातली खुर्ची मी मिळवून देतो. ती खुर्ची तिने मनातल्या मनात केव्हाच पुसून बसायला तयार ठेवली होती.

एक फेरी. मग सुटले.

हात उठला. किल्ली फिरली.

दवाखाना.

नऊ जण चढले. डेपोतून बसलेल्यांपैकी उतरलं कुणी नाही.

कंडक्टरला डेपोत रेडिओ म्हणत, कारण तो बंद होत नसे. आज तो बंद होता. आत सरका म्हणत नव्हता, कुणाची फिरकी घेत नव्हता. काही जणांना मात्र दारातूनच मागच्या गाडीने या म्हणून परतवत होता. माझ्या गाडीवर ड्युटी लागली म्हणून फुगलाय, असं तिला वाटलं. फुगणारच.

शाळा.

आयांचे हात धरून पोरं चढली. ज्या थांब्यावर पोरं उतरायची, तिथे चढली. सुट्टी असेल.

बाजार.

बाजारालाही कुणी उतरलं नाही. तिने आरशात पाहिलं. गाडी गच्च भरलेली, आणि एकाच्याही हातात पिशवी नाही.

पूल. (इथे थांबा नाही.)

गाडी थांबली. म्हणजे तिनेच थांबवली होती, तिच्या पायाने, तिला न विचारता. मागून हॉर्न सुरू झाले. आता गाडीतलेही सुरू होतील, हे ती जाणून होती. अर्धा मिनिट उशीर झाला तर प्रवासी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

कुणी चकार शब्द काढला नाही.

गाडी हातांनी धरायची पण पाठीने चालवायची, असं उस्ताद शिकवत. मागची माणसं पाठीला कळली पाहिजेत. तिने पाठ सीटला टेकवली. घाबरलेली माणसं दांडा घट्ट धरतात, अर्धी उठून बसतात, गाडीभर चुळबूळ होते. इथे तसलं काही नव्हतं. घरी ओट्यावर बसावं तशी ही माणसं सैल बसली होती.

तिच्या मागच्याच सीटवरून एका म्हातारीचा आवाज आला. "सावकाश घे गं बाळा. आम्हाला कुठे घाई आहे."

पहिला गिअर. वळण आलं. वळण गेलं.

शेवटचा थांबा.

सगळी गाडी उतरली. आणि उतरून कुठेही गेली नाही. थांब्याच्या सावलीत उभं राहून माणसं तिच्याकडे बघत राहिली. ही कोण माणसं आहेत, असं तिने रेडिओला विचारलं, आणि फेरीभर दाबून ठेवलेला रेडिओ एकदाचा लागला.

ती म्हातारी वर्कशॉपच्या मिस्त्रीची आई. ती तीन पोरं कंट्रोलरची. त्या दोघी बहिणी बॅटरीवाल्याच्या, त्यातली एक आजच माहेरी आलेली. अपघातानंतर ड्रायव्हर परत आला की त्याच्या पहिल्या फेरीला फक्त डेपोतल्यांच्या घरची माणसं बसतात. उस्तादांच्याही उस्तादांपासून हे चालत आलंय. ज्याची फेरी असते त्याला सांगत नाहीत, आणि मला आज तोंड उघडायची बंदी होती, फुटलो असतो ना. मधल्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ होतं, ते माझं. सव्वा महिन्याचं. आज पहिल्यांदा घराबाहेर काढलंय.

 ती दबक्या आवाजात म्हणाली, "साहेबांनी सक्ती केली असेल सगळ्यांना."

"सक्ती?" रेडिओ हसला. "ताई, सीटा बावन्न आणि नावं आली नव्वद. भांडणं झाली भांडणं. हे सगळे आता मागच्या गाडीने घरी जाणार. तुमच्या परतीच्या सीटा उरलेल्या अडतीस जणांच्या आहेत. ते बघा, सकाळपासून रांगेत उभे आहेत."