टोपीवरचा किडा

कोझाकच्या पठारावर नेसिबेच्या घरची चिलगोज्याची बाग. तिचा नवरा रुस्तेम फळं पाडताना उंच झाडावरून पडला आणि वारला. त्याच हिवाळ्यात एक तपकिरी किडा उबेला घरात शिरला आणि खुंटीवरच्या त्याच्या टोपीवर जाऊन बसला. गेलेलं माणूस किड्यापाखराच्या रूपानं घर बघायला येतं, म्हणून नेसिबेनं त्याला हुसकलं नाही. पुढच्या हिवाळ्यांत आणखी आले, तेही राहिले.

"बाबांना चहा विचारलास का?" मुलगा तहसीन तिची टर उडवायचा.

तीन वर्षं झाली, झाडांना फळं धरत होती, पण फोडली की आत चिलगोज्याचा दाणाच नाही. आज शेती खात्याच्या माणसानं चावडीवर बाटलीतला एक तपकिरी किडा दाखवला. "हाच कोवळी फळं शोषतो आणि हिवाळ्यात तुमच्याच घरात दडून बसतो. दिसेल तिथे ठेचा."

नेसिबेनं तो लगेच ओळखला. तिच्या पुढे तहसीन तरातरा घरी आला आणि दार सताड उघडं टाकून चप्पल घेऊन सुटला. भिंतीवरचे, पडद्यामागचे सगळे त्यानं ठेचले. शेवटचा टोपीवर बसला होता.

"थांबलास कशाला? मार," नेसिबे म्हणाली. "माझ्याच खुळापायी बाग बसली."

त्यानं उगारलेली चप्पल हळूच खाली ठेवली.



"दार लाव, आई. बाबांना थंडी सोसत नाही."