नीताला सगळं पाठ

२०१६ सालचा ऑक्टोबर. जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या द्राक्षमळ्यात दुपारच्या उन्हाला दोन जोडपी बाकावर बसली होती. समोर कांद्याचा केक आणि त्या हंगामाची नवी वाइन, अजून आंबतच असलेली, गढूळ, रसासारखी गोड.

शशिकांत आणि सुधीर एकाच कारखान्यात इंजिनियर. दोघांचे तीन-तीन ग्लास झाले होते. परतताना गाडी सुधीरची बायको विभावरी चालवणार होती. तिला लायसन्स मिळून दीड महिना झाला होता. पहिल्याच परीक्षेत मिळालं होतं. किल्ली ती बोटाभोवती फिरवत होती आणि शशिकांतच्या बायकोची, नीताची नजर त्या किल्लीवर होती.

"वहिनी, चढावर काय गाडी काढलीत," शशिकांत म्हणाला. "नाहीतर आमची ही. तिसऱ्यांदा नापास. उजवीकडून येणारा हिला दिसतच नाही."

सगळे हसले. नीताही हसली. लेखी परीक्षेत तिची एकही चूक नव्हती, हे कुणाला आठवलं नाही.

विभावरीला आठवलं.

"मी एक ग्लास घेऊ का गं? रक्तात अर्ध्या प्रोमिलपर्यंत दारू असली तर चालतं ना? का नवीन लायसन्सवाल्यांचं काही वेगळं असतं? नीता, तुला सगळं पाठ आहे, तूच सांग."

पहिली दोन वर्षं प्रोबेत्साइट, नव्या चालकाचा उमेदवारीचा काळ. थेंबसुद्धा नाही. पुस्तकातलं ते पान नीताच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, खालच्या चित्रासकट.

"चालतं," ती म्हणाली आणि वाइनचा जग उचलून तिने विभावरीचा ग्लास काठोकाठ भरला.

टेकडीच्या पायथ्याशी पोलीस उभे होते. लायसन्सवरची तारीख वाचून पोलीसबाईने फुंकायची नळी पुढे केली. शून्य पूर्णांक दोन आठ. गाडी तिथेच राहिली. चौघं बसने घरी गेली.

विभावरीची उमेदवारीची दोन वर्षं वाढून चार झाली. शनिवारी शनिवारी तिला पोरासोरांबरोबर वाहतूक नियमांच्या सेमिनारला बसावं लागलं. नीता पुढच्या वसंतात पास झाली. शशिकांतने पेढे वाटले. सुधीरने नोकरी बदलली आणि ती दोघं गेर्लिंगेनला राहायला गेली. दिवाळीला मात्र अजून येतात. गाडी विभावरीच चालवते.

जेवायला बसल्यावर ती पाण्याचा ग्लास उचलते.

"नीता, हे चालतं ना गं?"

सगळे हसतात. विभावरी ग्लास तसाच धरून उत्तराची वाट बघते.