पाठीवरचा वण

"भिमाजींच्या पाठीवर गोळीचा वण हाय, हे खरं का, काका?" शौर्यने विचारलं.

सोमाजी काढलेल्या कांद्याच्या ढिगावर, आरणीवर, पात पसरत होता. "हाय," तो म्हणाला. "पंपावर आंघोळ करतो तवा सगळं गाव बघतंय की."

शौर्य त्याचा पुतण्या. मंचरजवळच्या त्यांच्या गावात सरपंचाची निवडणूक तोंडावर आली होती. जागा महिलांसाठी राखीव. सोमाजीच्या पॅनेलकडून शौर्यची बायको उभी होती आणि समोर भिमाजीची मुलगी हर्षाली. हर्षालीचं पारडं जड होतं.

सोमाजी आणि भिमाजी एकाच पलटणीत होते. कारगिलला एकाच टेकडीवर चढले, एकाच दिवशी जखमी झाले. सोमाजीचा डावा पाय तेव्हापासून ओढतो. निवृत्तीनंतर दोघांनी शेजारीशेजारी घरं बांधली. दोघांचा कांदा एकाच टेम्पोतून मंचरच्या बाजारात जायचा. त्या दिवसाबद्दल मात्र दोघंही कधी बोलत नसत.

मग कांद्याची निर्यात बंद झाली आणि भिमाजी लाल बावट्याखाली मोर्चात गेला. सोमाजीने भगवं उपरणं घेतलं. वर्षभर दोघं भांडत राहिले, पण चहा एकत्रच प्यायचे. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले तेव्हा भिमाजीही थंडीत तिथे जाऊन बसला. तो परतला त्या दिवशी टपरीवर सोमाजी सगळ्यांदेखत म्हणाला, "तिथं बसलेले सगळे देशद्रोही."

"मी पण व्हतो तिथं," भिमाजी म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय."

भिमाजीने अर्धा कप तसाच ठेवला आणि उठला. त्यानंतर दोघांत बोलणं नाही.

"तुमी सभेत त्या वणाचं सांगितलं तर लोक ऐकतील," शौर्य म्हणाला.

"मी खोटं बोलणार न्हाई."

"खोटं कोण बोला म्हणतंय? मी विचारीन तेवढंच सांगा."

सोमाजी पात पसरत राहिला.

"पोरगी निवडून आली तर ग्रामपंचायतीवर लाल बावटा लागंल, काका."

सोमाजीचा हात थांबला. त्याने विचारलं, "सभा कधी हाय?"

सभा मारुतीच्या देवळापुढे झाली. गर्दी चांगली होती. मागच्या ओट्यावर भिमाजी आणि हर्षाली येऊन बसले. सोमाजी माईकपाशी उभा राहिला तेव्हा सगळे गप्प झाले. तो खोटं बोलत नाही, हे विरोधकही मानत.

"भिमाजींना गोळी लागली तवा तुमी तिथं व्हता?" शौर्यने विचारलं.

"व्हतो."

"जवळ?"

"लई जवळ."

"दुश्मन कुठल्या बाजूला व्हता?"

"समोर. वरच्या अंगाला."

"आणि गोळी कुठं लागली?"

सोमाजीने एकदा मागच्या ओट्याकडे पाहिलं. "पाठीत," तो म्हणाला.

"म्हणजे त्यांची पाठ दुश्मनाकडं व्हती."

"व्हय."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. हर्षाली ताडकन उठली, पण भिमाजीने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. शौर्यने पुढे काहीच विचारलं नाही. सोमाजी पाय ओढत मंचावरून उतरला आणि थेट घराकडे गेला.

सभा संपल्यावर बापलेक शेतांमधल्या पांदीने घरी निघाले. मागून येणारी माणसं त्यांना बघून चाल मंद करत होती. निवडणूक गेली, हे हर्षालीला कळून चुकलं होतं. पण तिला सलत होतं ते वेगळंच.

"तात्या, तुमी उठून का न्हाई बोललात? खोटारडा हाय म्हणून सांगायचं व्हतं."

"त्यो खोटं कुठं बोलला?"

हर्षाली चालता चालता घराच्या फाटकापाशी थांबली. लहानपणापासून तिने तो वण पाहिला होता आणि कधी काही विचारलं नव्हतं.

"म्हणजे तुमी खरंच पळत व्हता?"

"न्हाई."

"मग ते तिथंच सांगायचं ना."

"ते त्यानं सांगायचं व्हतं," भिमाजी म्हणाला. शेजारच्या घरात दिवा लागला होता. तिकडे न बघता त्याने आपल्या फाटकाची कडी काढली.

"सोमाजी पायात गोळी लागून पडला व्हता, पोरी. त्याला दुसरी लागू नये म्हणून मी त्याच्या अंगावर पालथा पडलो व्हतो."