यादीतलं तिसरं पुस्तक

सेमिसीने ताट घेतलं नाही. प्रार्थना संपली, सगळ्यांनी "आमेन" म्हटलं, आणि सरदाराचा हा एकुलता एक मुलगा मानाच्या चटईवर बसायचं सोडून सरळ वाढणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. कोणी काही म्हणायच्या आत त्याने रताळ्यांची टोपली उचलली.

"आधी तुम्ही सगळे. मी शेवटी बसेन."

मंडपातली शंभरेक माणसं होती तशीच बसून राहिली. कॉलेजच्या ख्रिस्ती विद्यार्थी मंडळाची तीसेक मुलं शिबिरासाठी राजधानीतून, नुकुआलोफाहून, आली होती. बाकी गावातलीच, आणि गाव सेमिसीच्या वडिलांचं; ते परगावी असल्याने आज पहिला मान त्याचा. पुढ्यात भाजलेली डुकरं, कोनफळं, नारळाच्या दुधात शिजलेलं अळू. वासानेच जीव कासावीस होत होता. पण सरदाराच्या घरातलं माणूस जेवायचं असताना आपण घास उचलायचा, हे या गावात कुणाच्या हातून झालंच नसतं. रताळी ताटात पडत होती आणि तशीच निवत होती.

मंडळाची चिटणीस लेसिएली खांबाशी बसली होती. तिला स्वतःचाच राग येत होता. नव्या पुढाऱ्यांनी विश्वासात वाढावं म्हणून वाचायच्या सात पुस्तकांची यादी तिनेच केली होती. आधीच्या अध्यक्षांनी ती यादी बायबलात खूण म्हणून ठेवली आणि विसरून गेले, देव त्यांचं भलं करो. सेमिसीने मात्र यंदा अध्यक्ष होताच ती खरोखरच वाचायला घेतली. तिसऱ्या पुस्तकात लिहिलं होतं, की पुढाऱ्याने आधी दुसऱ्यांना वाढावं, मग स्वतः बसावं. लिहिणाऱ्याच्या देशात असं केलं की लोक जेवत असतील.

शेजारी तिची आजी, फुसी. जमिनीतल्या भट्टीचे दगड तापवून यातलं निम्मं अन्न तिनेच रांधलं होतं. तिला साखरेचं दुखणं. आता जेवायचंच आहे म्हणून चर्चमधून येताच तिने इन्सुलिनची सुई टोचून घेतली होती. त्यालाही बराच वेळ झाला होता. म्हातारीच्या कपाळावर घाम डवरला होता आणि बोटं थरथरत होती.

"आजी, एवढं रताळं खा गं. कोण बघतंय?"

"अख्खं गाव बघतंय. आणि मी आहे ना बघायला! धाकट्या सरदारांना जेवू तर दे."

"ते जेवतच नाहीयेत! तुला चक्कर येईल इथे."

"येऊ दे. एका रताळ्यासाठी या वयात नाव घालवू होय?"

लेसिएलीने पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी डोळे घट्ट मिटून घेतले, जणू प्रार्थना अजून चालूच होती.

मग ती उठली. मोठ्यांसमोरून ताठ चालायचं नसतं, म्हणून कमरेत वाकून, चटयांच्या कडेकडेने सेमिसीपर्यंत गेली आणि त्याच्या पायाशी बसली. तिचा बाप कसत होता ती जमीन याच घराण्याच्या मर्जीवर होती.

"जेवायला बसा," ती खालमानेने म्हणाली.

सेमिसी हसला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "कॉलेजात माझ्याशी भांडतेस, आणि इथे खाली काय बसतेस? ऊठ! पुस्तक तूच दिलंस ना? खरं सांगतो, आज पहिल्यांदा इतकं हलकं वाटतंय."

"तुम्हाला हलकं वाटतंय. माझी आजी सुई घेऊन उपाशी बसलीय."

"मग तिला सांग ना जेवायला! मी कुठे कुणाला अडवलंय?"

"तुम्हीच अडवलंय. एकदा मागे वळून बघा. कुणाचा हात ताटाला लागलाय?"

त्याने पाहिलं. इतका वेळ तो टोपलीकडेच बघत होता. मुलं हात मांडीत घेऊन बसली होती. थोराड बाप्ये डुकराकडे बघायचं टाळत होते. फुसीआजीची मान छातीवर आली होती.

त्याचा चेहरा उतरला. "पण मला हे नकोय," तो हळूच म्हणाला. "पहिलं ताट, मानाची चटई. लहानपणापासून सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. लाज वाटते मला."

लेसिएलीला त्याची दया आली. तिथेच थांबावं असंही वाटलं. पण ती बोलून गेली, "सेवाच करायचीय ना? मग जेवा."

सेमिसीने टोपली खाली ठेवली. शिक्षा झालेल्या पोरासारखा तो मानाच्या चटईवर जाऊन बसला, कोनफळाचा तुकडा मोडला, तोंडात घातला. तो काही केल्या गिळवेना. शंभर माणसं त्याच्या गळ्याकडे बघत होती. अखेर घास उतरला, आणि मंडपभर हात ताटांत गेले. हसणं, बोलणं, पोरांची भांडणं, सगळं एकदम सुरू झालं.

आजीला दोन घासांनंतर तरतरी आली. पण तिला दात नव्हते. ती आपली सावकाश, कुसकरून कुसकरून खात होती. तरुण पोरांची जेवणं उरकली. पाळकांचंही झालं. आता सेमिसीने हात धुतले की सगळ्यांनी उठायचं.

एक बाई पाण्याचं भांडं घेऊन त्याच्याजवळ आली. त्याचं पोट केव्हाच तुडुंब भरलं होतं. त्याने मान उंच करून खांबाकडे पाहिलं. फुसीआजीच्या ताटात अजून अर्धं कोनफळ होतं.

"अजून भूक आहे," तो म्हणाला, आणि त्याने आणखी एक तुकडा उचलला.