ओली बाळंतीण

जावई निरंजनचा हात अळिवाच्या लाडवांकडे गेला, तसा कुमुदबाईंनी डबाच मागे ओढला.

"अहो, हे बाळंतिणीसाठी. दूध यायला नको?"

"म्हणूनच हवाय, आई." त्याने दंडावरची औषधाची पट्टी दाखवली. "रेवतीचं दूध पुरेना, बाळाचं वजन वाढेना. म्हणून डॉक्टरांनी मलाही दूध यावं म्हणून ही लावलीय."

कुमुदबाई हसणार, तेवढ्यात आतल्या खोलीत बाळ रडलं आणि निरंजनच्या शर्टावर दोन ओले डाग उमटले.

"माझं संपलं, आता तुझा नंबर!" म्हणत रेवतीने बाहेर येऊन बाळ त्याच्या मांडीवर दिलं. ते चुटूचुटू पिऊ लागलं.

कुमुदबाईंनी एक लाडू त्याच्या तोंडात घातला. मग पंखा बंद केला, लेकीचा दुसरा स्कार्फ आणला आणि जावयाच्या कानांवरून घट्ट बांधला.

"ओल्या बाळंतिणीनं वाऱ्यात बसू नये, जावईबापू!"